मूठ उघडा, मिटा : डॉ. विमल सोनकांबळे

डॉ. विमल सोनकांबळे यांची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला सुचवलं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर झालं तसं लिही. नाहीतर लिहू नकोस." म्हणून झालं तसं लिहितो.

तेरा वर्षांपूर्वी अहमदपूरला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत मी फिजिओथेरपीचं लहानसं केंद्र काढलं. नुकतंच शिक्षण झालं होतं. आसपास हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं, लोक 'सर' म्हणायचे, आणि त्या एका शब्दावर माझी मान ताठ असायची. त्या वर्षी सोयाबीनचा हंगाम उरकल्यावर मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक हमाल माझ्याकडे आले. त्यांचं नाव व्यंकट, सगळे व्यंकटमामा म्हणत. वय पन्नाशीच्या आत, पण पोती वाहून वाहून मान खांद्यांत रुतल्यासारखी झालेली. मान दुखते आणि हातांना मुंग्या येतात, असं त्यांचं म्हणणं. एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसत होते. मी शेक दिला, मानेला ताण लावला, चार व्यायाम शिकवले.

दुसऱ्या आठवड्यात ते सांगत होते, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, घरधनीण लावून देते. चौथ्या आठवड्यात म्हणाले, चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि मागून कुणी हाक मारली की मग कळतं. मी हसून म्हणालो, "मामा, आता नवी चप्पल घ्या." मानेचं दुखणं मात्र कमी होत चाललं होतं. मी विचारायचो, "बरं वाटतंय का?" ते म्हणायचे, "हाव सर, बरंच हाय की." मी कार्डावर लिहायचो, सुधारणा.

सहाव्या आठवड्यात आडतीच्या ओट्यावरून उतरताना व्यंकटमामांचा पाय अडखळला आणि ते पडले. तो ओटा गुडघ्याइतकाही उंच नाही. पडल्या जागी त्यांना हात हलवता येईना आणि पायही. चौघांनी उचलून त्यांना जीपमध्ये घातलं आणि नांदेडला नेलं.

तिथे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर म्हणून मॅडम काम करत होत्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अहमदपूरचे फिजिओथेरपिस्ट बोलताय का? व्यंकट यांचं कार्ड माझ्यासमोर आहे. यावर तीन ठिकाणी 'सुधारणा' लिहिलंय. तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"त्यांनी सांगितलं म्हणून?"

"हो."

"तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

मी एक्स-रेचं सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला इथे या."

बसमध्ये लोह्यापर्यंत मी उतरून परत फिरण्याची कारणं शोधत होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा बुटक्या, चष्मा लावलेल्या, सुती साडीवर पांढरा कोट घातलेल्या एक बाई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी नाव विचारलं, नमस्कार केला, आणि मला थेट खाटेपाशी नेलं. व्यंकटमामा उताणे पडले होते. मानेला पट्टा. हात दोन्ही बाजूंना कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. शेजारी त्यांच्या पत्नी कलाबाई बसल्या होत्या.

मला पाहून मामा म्हणाले, "सर, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलाव? तुम्ही सांगितल्या तशा समद्या कसरती मी रोज केल्या. एक दिस चुकलो न्हाई."

त्यांच्याकडून हयगय झाली असं मला वाटू नये, म्हणून ते हे सांगत होते.

बाहेरच्या बाकावर मॅडमनी मला बसवलं. रागावतील, असं वाटलं होतं. त्या शिकवायला लागल्या. मानेच्या मणक्यांमधून मज्जारज्जू खाली उतरते. झिजलेले मणके आणि त्यांच्यामधल्या फुगलेल्या गाद्या तिच्यावर हळूहळू दाब आणतात. हा दाब दुखेलच असं नाही, आणि तिथेच फसगत होते. मान बरी वाटते, पण बोटं जड होतात, पाय अडखळतात. अशा मानेला एक साधं पडणंही पुरतं. आणि अशा मानेला ताण लावायचा नसतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्या वाक्यांच्याच आवाजात सांगितलं.

मग म्हणाल्या, "आता मूठ उघडा, मिटा. जमेल तितक्या वेगानं. बोटं पूर्ण सरळ करायची. मी दहा सेकंद मोजते."

मी केलं. वीसच्या वर गेलो.

"निरोगी माणूस वीसपर्यंत सहज जातो. व्यंकट पहिल्यांदा तुमच्याकडे आले त्या दिवशी हे केलं असतं, तर बहुतेक दहा-बारावर अडकले असते. मिटलेली बोटं उघडायलाच वेळ लागला असता. याला यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं आणि समोर बघावं लागतं."

मी म्हणालो, "मी केंद्र बंद करतो, मॅडम."

"करा. मग पुढचा व्यंकट कुणाकडे जाईल?" असं म्हणून त्या उठल्या. जाता जाता थांबल्या. "महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जात जा. माफी मागायला नको. झोपून झोपून पाठीला जखमा होतायत का, ते बघायला."

व्यंकटमामांचं ऑपरेशन झालं. श्वास वाचला, खांदे थोडे हलू लागले. त्यापुढे काही परत आलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका शनिवारी मॅडम अहमदपूरच्या मोंढ्यात आल्या. मला आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं होतं की हमाल लोक जेवायला किती वाजता बसतात. लिंबाच्या सावलीत त्यांनी फरशीवर खडूनं एक लांब रेघ ओढली आणि हमालांना त्या रेघेवरून टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत चालायला सांगितलं. सगळे हसायला लागले. मुकादम म्हणाला, "मॅडम, दारू पेलेल्याला चालवतेत तसं काय चालवायलाव आमाला?" मॅडमही हसल्या. "पेलेला कोण आहे ते मला वासावरून कळतं. मला दुसरं बघायचंय," म्हणाल्या, आणि घड्याळ काढलं.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना तीनच गोष्टी करायला लावल्या. मूठ उघडणं-मिटणं, रेघेवरून चालणं, आणि दोन्ही हात पुढे करून बोटं एकमेकांना चिकटवून धरणं. तिसऱ्यात करंगळी आपोआप बाजूला सरकली तर त्या नाव लिहून घेत. असा शनिवार मग नेमाचा झाला. अहमदपूर, चाकूर, निलंगा, लातूर. नांदेडहून एसटीनं यायच्या. मी घड्याळ धरायचो, त्या माणसांकडे बघायच्या. पहिली दोन वर्षं त्यांनी माझ्याकडे घड्याळच ठेवलं. तिसऱ्या वर्षी एकदा ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तू बघ." त्या दिवसापासून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो.

मानेत दाब असल्याचा संशय यावा अशी माणसं सापडायला लागली, तशी पुढची अडचण समोर आली. ऑपरेशनला कुणी तयार होईना. मानेचं ऑपरेशन केलं की माणूस उठत नाही, असं मोंढ्यात पक्कं ठरलं होतं, आणि पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. व्यंकटमामांचं ऑपरेशन झालं होतं आणि ते उठले नव्हते. मॅडम समजावून थकल्या. शेवटी मुठी बारावर अडकलेल्या दोघा हमालांना घेऊन त्या मामांच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. मॅडमनी मामांना विचारलं, "यांना काही सांगाल का?"

मामांनी छताच्या पत्र्यावरची नजर त्या दोघांकडे वळवली. मग म्हणाले, "मला आपरेशननं न्हाई पाडलं. मी पडलो, मग आपरेशनला गेलो. तुमी पडायच्या आदी जावा." आणि म्हणाले, "माझ्या तोंडावर माशी बसली तर कलाबाईला हाक मारावी लागते."

त्या दोघांतला एक ऑपरेशनला गेला. त्याच्या बोटांत गेलेली ताकद फारशी परत आली नाही, मॅडमनी तसं आधीच सांगितलं होतं. जे गेलं ते मिळेल असं समजू नका, जे आहे ते राहील, एवढंच त्या कबूल करत. तो आजही चालतो आणि स्वतःच्या हातानं जेवतो. दुसरा गेला नाही. त्याचं पुढे काय झालं ते लिहिण्याची मला इच्छा नाही.

व्यंकटमामा साडेचार वर्षं जगले. दर महिन्याला मी त्यांच्या पाठीची जखम बघत होतो. शेवटच्या उन्हाळ्यात ती हाडापर्यंत गेली आणि ताप उतरेना. मातीला मॅडम नांदेडहून आल्या, बायकांमध्ये बसल्या, कुणाला आपण कोण ते सांगितलं नाही. आम्ही परत निघताना कलाबाई माझ्याजवळ आल्या. "आता तुमची फेरी सुटली, सर," म्हणाल्या. त्यात टोमणा होता की सुटका, मला आजही सांगता येत नाही. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही असेल. ते ठेव तुझ्याजवळ." आणि पुढच्या महिन्यात त्यांनी मला कलाबाईंकडे पाठवलं, त्यांची मान तपासायला. साडेचार वर्षं नवऱ्याला उचलून कुशीवर वळवत होत्या त्या. त्यांचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नव्हता.

मॅडम मूळच्या चाकूर तालुक्यातल्या. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि शिकायचं हे त्या घरात तेव्हाच ठरून गेलं. लातूरच्या वसतिगृहात राहून त्या शिकल्या, पुढे डॉक्टर झाल्या. याबद्दल त्या फार बोलत नाहीत. मी जे सांगणार आहे तेही त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही, मी समोर होतो म्हणून मला ठाऊक आहे.

एका गावात तपासणी चालू होती. सत्तरीचे एक गृहस्थ खुर्चीवर येऊन बसले. मॅडमनी त्यांचा हात बघण्यासाठी आपला हात पुढे केला. त्या गृहस्थांनी आधी आडनाव विचारलं. मॅडमनी सांगितलं. गृहस्थांनी आपला हात मागे घेतला आणि उपरण्याखाली ठेवला. रांगेतली माणसं खाली बघू लागली. मी पुढे होऊन काही बोलणार होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे देऊ नका हात. तुमच्याच मांडीवर ठेवा. मूठ उघडा, मिटा. मी इथून मोजते."

त्यांनी केलं. दहा सेकंदांत अकरा.

मॅडमनी त्यांच्या मुलाला बाजूला बोलावून सगळं समजावलं, नांदेडला कुठे जायचं, कुणाला भेटायचं, ते कागदावर लिहून दिलं, आणि वडिलांना एकट्यानं विहिरीकडे जाऊ देऊ नका म्हणून दोनदा बजावलं. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चाकूर मागे पडलं. मग एकदम म्हणाल्या, "अंगठा पण आत ओढला जात होता त्यांचा. तुला दिसला का?"

मला दिसला नव्हता. मी अपमान बघत होतो.

आणखी एक प्रसंग सांगतो. तो सुखाचा नाही, आणि त्यातला माणूस हा लेख वाचेल तर त्याला रागच येईल. त्याचं नाव मी बदललं आहे. दत्ता म्हणू. निलंग्याच्या बाजूला तो शाळेची व्हॅन चालवायचा. चाळिशीचा, अंगानं मजबूत. उजवा पाय जड वाटतो म्हणून शनिवारी आला. मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवून टाच जमिनीवर ठेवायला लावली आणि चवड्यानं जमिनीवर थापट्या मारायला सांगितलं. दहा सेकंद. पाय चिखलातून उपसावा तसा वर येत होता. मुठीही सावकाश. पुढे एमआरआय केला तेव्हा मानेत दोन ठिकाणी दाब निघाला.

मॅडम म्हणाल्या, "आजपासून गाडी चालवायची नाही."

"मग खावं काय, मॅडम?"

"त्याचं बघू. ब्रेकवर पाय वेळेत जात नसणार तुमचा."

"जातो की. मला कळतंय ना माझं." मग त्यानं हात जोडले. "शाळेत सांगू नका. लई उपकार होतील. घरात मी एकटाच कमावता हाय."

मॅडमनी विचारलं, "उद्या रविवार. गाडी घरीच असेल ना? मला एक चक्कर मारून आणा."

रविवारी सकाळी त्या व्हॅनमध्ये पुढे बसल्या, मी मागे. गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ऊस. मॅडम म्हणाल्या, "मी 'थांब' म्हटलं की थांबवायची. कधी म्हणेन ते सांगणार नाही." बरंच अंतर त्या शेतांकडे बघत बसल्या, उसाच्या भावाबद्दलही काही विचारलं. मग म्हणाल्या, "थांब."

गाडी थांबली. किती पुढे जाऊन, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. दत्ता खाली उतरला. मॅडमनी 'थांब' म्हटलं तेव्हा उजव्या हाताला एक विजेचा खांब होता. दत्ता त्या खांबापर्यंत चालत गेला, तिथून वळला, आणि पावलं मोजत परत आला. व्हॅनला पाठ टेकून तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मॅडम उतरल्या आणि त्याच्या शेजारी धुळीत बसल्या.  शेवटी त्यानं किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"पोटावर पाय दिलाव माझ्या," तो म्हणाला.

"हो," मॅडम म्हणाल्या.

व्हॅन माघारी मी आणली. दत्ताचं ऑपरेशन झालं आणि तो चालतो, उजवा पाय थोडा ओढत. गाडी परत हातात घेता आली नाही. त्याची बायको शिवणकाम करते, तो एका गिरणीवर बसतो. मॅडम निलंग्याला आल्या की समोरून जातात, तो मान वळवतो. सहा वर्षं झाली. मी एकदा म्हणालो, मी बोलून बघू का त्याच्याशी. त्या म्हणाल्या, "कशाला? त्याचं खरंच गेलंय. रागवायचा हक्क आहे त्याला." आणि मग नेहमीसारखं विचारलं, "जिना चढताना कठडा धरतो का अजून?"

मॅडमविषयी मोठं काही लिहावं, अशी अपेक्षा असेल. मला येतं ते एवढंच. त्यांनी मला माझ्या चुकीसमोर उभं केलं आणि तिथून पळू दिलं नाही, आणि मी उभा होतो तितका वेळ त्याही शेजारी उभ्या राहिल्या. माझ्या बहिणीच्या लग्नात त्या आल्या, माझे वडील आजारी असताना तीन वेळा अहमदपूरला येऊन गेल्या, माझ्या मुलीचं नाव त्यांनी सुचवलं. ही सगळी माया मला मिळाली ती त्या एका फोनमुळे. फोन आला नसता तर बरं झालं असतं, असं अजूनही कधीकधी वाटतं. कारण त्याचा अर्थ व्यंकटमामा पडलेच नाहीत, असा झाला असता.

आता मॅडम साठ वर्षांच्या झाल्या आहेत. काही वर्षांपूर्वी नांदेड सोडून त्या लातूरला स्थायिक झाल्या. सकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसतात, दुपारनंतर शेजारच्या तालुक्यांतल्या आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका त्यांच्याकडे शिकायला येतात. शनिवार अजून चुकलेला नाही. पण गेल्या वर्षभरात त्या दमतात हे आम्हाला दिसतं. त्यांना सांगितलं तर चिडतात.

मागच्या महिन्यात साठीच्या समारंभाचं ठरवायला आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. मानपत्राचा मसुदा वाचून दाखवला. 'आपण शतायुषी व्हावं' हे वाक्य आल्यावर त्यांनी हातानं थांबवलं.

"ते शंभर काढा," म्हणाल्या. "जेवढे दिवस असतील तेवढे आपल्या हातानं घास खाता यावा आणि आपल्या पायानं मोरीपर्यंत जाता यावं, एवढं लिहा. हे न मिळालेली माणसं मी फार बघितलीत."

संपादकांनी मान डोलावली आणि मानपत्रातलं ते वाक्य खोडलं. तिथे आता मॅडमचं वाक्य आहे. हा लेख मात्र माझा आहे, आणि इथे मी त्यांचं ऐकणार नाही. मॅडम, आपण म्हणता ते आम्ही आपल्यासाठी मागतोच. त्याच्या जोडीला वर्षंही मागतो, पुष्कळ मागतो. निलंग्याच्या पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत किती तरी गावं आहेत, जिथे अजून एकाही माणसाला कुणी मूठ उघडायला सांगितलेलं नाही. तिथे जायचं ठरलंय. मला आता बघता येतं, असं आपणच म्हणता. तरी पहिल्या दिवशी तिथे आपण माझ्या शेजारी असावं.